प्लग बसला, पण मशीन गेलं: ब्रँडेड मदरबोर्ड आणि बाहेरचं कॅबिनेट

(ही बोललेल्या भागाची लिखित प्रत आहे. ऐकताना साल आणि आकडे निसटतात, म्हणून ते इथे नीट दिलेत.)



आज एका प्लगची गोष्ट सांगायची आहे. वीस पिनांचा प्लग, दहा-दहाच्या दोन रांगा, बाजूला एक छोटी कडी. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं की एसएमपीएसमधून म्हणजे पॉवर सप्लायमधून रंगीबेरंगी तारांची एक जाड जुडी निघते आणि मदरबोर्डात जाऊन बसते. तिच्या टोकाला असतो तो हा प्लग.

आता कल्पना करा. नव्वदच्या दशकाचा शेवट. पेंटियम टू आणि पेंटियम थ्रीचा जमाना. अमेरिकेत कुणाच्या तरी घरी डेलचा कॉम्प्युटर आहे, त्याचा एसएमपीएस बसलाय. माणूस दुकानात जातो, चांगल्या कंपनीचा नवा एसएमपीएस आणतो. प्लग लावतो. प्लग बरोब्बर बसतो. कडी 'कट्' करून अडकते. आपल्याला वाटणार, झालं काम. तो बटण दाबतो आणि मदरबोर्ड जातो. किंवा एसएमपीएस जातो. नशीब फारच वाईट असेल तर दोन्ही.

कारण? प्लगचा आकार सगळ्या जगासारखा, पण आतल्या तारांचा क्रम डेलचा स्वतःचा.

तुम्ही म्हणाल, पंचवीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या प्लगचं आम्हाला काय? तर सांगतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तपकीर गल्लीत जा. ऑफिसांमधून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर तिथे सेकंडहँड मिळतात. मशीन दणकट, किंमत नव्यापेक्षा बरीच कमी. कॉलेजातला मुलगा ते घेतो. दोन-चार महिन्यांनी त्याला ग्राफिक्स कार्ड घालावंसं वाटतं. कॅबिनेट चपटं, कार्ड मावत नाही. मग तो म्हणतो, "ठीक आहे, मदरबोर्ड काढतो आणि बाहेरच्या मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवतो. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं, हाच आजचा भाग. या साध्या प्रश्नाच्या मागे चाळीस वर्षांची ओढाताण आहे. एका बाजूला उघडं प्रमाण, म्हणजे कुणाचाही सुटा भाग कुणाच्याही मशीनला लागावा ही सोय. दुसऱ्या बाजूला कंपन्यांची स्वतःची कुलपं.

उघडं दार: १९८१

१२ ऑगस्ट १९८१. आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. मॉडेल ५१५०. फ्लोरिडातल्या बोका रेटन गावात डॉन एस्ट्रिज यांच्या टीमने तो साधारण एका वर्षात उभा केला होता. एवढ्या घाईत सगळं घरी बनवणं शक्य नव्हतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, बाकीचे बरेचसे भाग बाजारातलेच.

आणि आयबीएमने आणखी एक गोष्ट केली. या मशीनचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल विकायला ठेवलं. त्यात सर्किटचे नकाशे होते, बायोसचा कोडसुद्धा छापलेला होता. हेतू असा की इतरांनी यासाठी कार्डं बनवावीत आणि मशीनचा खप वाढावा.

खप वाढला, पण नकलाही आल्या. बायोसवर कॉपीराइट होता, त्यामुळे तो जसाच्या तसा उचलता येत नव्हता. ह्युस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने तो कोड न बघता, फक्त तो काय काम करतो याच्या वर्णनावरून, नवा बायोस लिहून घेतला. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने तसाच बायोस इतरांना परवान्यावर द्यायला सुरुवात केली. मग काय, कुणीही 'आयबीएम कंपॅटिबल' मशीन बनवायला मोकळा.

त्याच १९८४ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी एटी आला. आपल्या आजच्या विषयाची मुळं तिथे आहेत. नकला करणाऱ्यांनी एटीचा मदरबोर्ड छोटा केला, त्याला नाव पडलं 'बेबी एटी'. पण स्क्रूची भोकं आणि कार्डांच्या खाचा त्यांनी आयबीएमच्या जागेवरच ठेवल्या. का? कारण मग कॅबिनेट एकाचं, बोर्ड दुसऱ्याचा, एसएमपीएस तिसऱ्याचा चालतो. कुठल्या समितीने हा नियम केला नव्हता. एकमेकांना न ओळखणाऱ्या कारखान्यांना ते सोयीचं होतं, एवढंच.

आपल्याकडे ज्याला 'असेंबल्ड पीसी' म्हणतात, त्याचा जन्म यातून झाला. आणि गंमत बघा, याच १९८४ साली टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत मायकल डेल नावाचा एक मुलगा हॉस्टेलच्या खोलीतून धंदा सुरू करत होता. कंपनीचं नाव 'पीसीज लिमिटेड'. बाजारातले सुटे भाग जोडून, गिऱ्हाइकाला हवं तसं मशीन बनवून थेट विकायचं. म्हणजे डेल हे या उघड्या दारातूनच आत आलेलं पोर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एटीच्या काळातली सोय मात्र अर्धीच होती. बोर्डाला वीज द्यायला सहा-सहा पिनांचे दोन प्लग असायचे, पी८ आणि पी९. दोन्ही दिसायला सारखे. उलटसुलट लावले तर बोर्ड जळायचा. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांनी एक नियम पाठ केला होता: काळ्या तारा काळ्या तारांना चिकटून, मधोमध. शिवाय कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत घरातली मेन लाइनची वीज जायची. आज आपण पुढचं बटण बिनधास्त हाताळतो. एटी कॅबिनेटमध्ये ते धाडस महागात पडलं असतं.

दार लावून बघितलं: १९८७

आयबीएमच्या लक्षात आलं की आपण मांडलेल्या जेवणावर पंगत दुसऱ्यांचीच उठतेय. एप्रिल १९८७ मध्ये त्यांनी पीएस/२ नावाची नवी मालिका आणली. आतली कार्डांची खाच नवी, तिचं नाव मायक्रो चॅनेल. जुनी कार्डं चालणार नाहीत. नवीन बनवायची तर आयबीएमकडून परवाना घ्या, रॉयल्टी भरा.

तांत्रिकदृष्ट्या मायक्रो चॅनेल चांगलं होतं, यात वाद नाही. पण बाजाराने मान हलवली नाही. १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या. त्यांनी ईसा नावाची स्वतःची खाच जाहीर केली, जिच्यात जुनी कार्डंही बसत होती. पेपरवाल्यांनी त्यांना 'गँग ऑफ नाइन' म्हटलं. पुढे मायक्रो चॅनेल मागे पडलं. पीएस/२ हे नाव बराच काळ जिवंत राहिलं ते फक्त माउस आणि कीबोर्डच्या गोल पिनेपुरतं.

आयबीएमसारखी आयबीएम, पण एकदा उघडलेलं दार तिलाही पुन्हा लावता आलं नाही.

लिहून दिलेला शब्द: १९९५

आतापर्यंतची सोय ही चालीरीतीसारखी होती. १९९५ मध्ये इंटेलने ती कागदावर आणली. नाव एटीएक्स. कुणीही वाचावं, कुणीही वापरावं असा जाहीर दस्तऐवज.

त्यात काय होतं? बोर्डाचा पूर्ण आकार ३०५ बाय २४४ मिलिमीटर. स्क्रूची भोकं कुठे, ते मोजून दिलेलं. मागच्या बाजूला पोर्टसाठी एक आयताकृती खिडकी, १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटर. कुठले पोर्ट कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या बोर्डाच्या पोर्टप्रमाणे कापलेली पत्र्याची पट्टी, म्हणजे आयओ शील्ड, बोर्डासोबत द्या, ती खिडकीत बसेल. १९९७ मध्ये मायक्रो एटीएक्स आलं, २४४ बाय २४४ मिलिमीटर. त्याची भोकंसुद्धा मोठ्या एटीएक्सच्या जागांशी जुळतात. म्हणून छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये आजही मजेत बसतो.

आणि पी८-पी९ची भानगड संपली. दोनाऐवजी वीस पिनांचा एकच प्लग, उलटा लागणारच नाही असा घडवलेला. नारिंगी तार ३.३ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, पिवळी १२ व्होल्ट, काळी ग्राउंड. जांभळी तार ५ व्होल्टची 'स्टँडबाय', म्हणजे मशीन बंद असतानाही बोर्डाला थोडीशी जाग देणारी. आणि हिरवी तार सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही पुढचं बटण दाबता तेव्हा ते थेट वीज चालू करत नाही. ते फक्त बोर्डाला खुणावतं. बोर्ड हिरवी तार ग्राउंडला जोडतो, आणि ते बघून एसएमपीएस जागा होतो.

म्हणजे एटीएक्सने वीज दिली, आकार दिला, आणि त्याहून मोठी गोष्ट दिली ती विश्वास. तैवानमध्ये बनलेला बोर्ड, चीनमध्ये बनलेलं कॅबिनेट आणि तिसऱ्याच कुणाचा तरी एसएमपीएस ग्रँट रोडच्या दुकानात पहिल्यांदा एकमेकांना भेटतात आणि मशीन चालू होतं. दुकानदार पिना मोजत बसत नाही. प्लग बसला म्हणजे बरोबर आहे, असं तो धरून चालतो.

तोच प्लग, वेगळ्या तारा

आता डेलची गोष्ट नीट कळेल.

त्या काळातल्या अनेक डेल मशीनमध्ये तोच वीस पिनांचा एटीएक्स प्लग होता. पण तारांच्या जागा बदललेल्या. ३.३ व्होल्टच्या तारा मुख्य प्लगमधून काढून बाजूच्या सहा पिनांच्या जादा प्लगात नेलेल्या. कुठल्या व्होल्टेजला किती तारा, हाही हिशोब वेगळा. त्यामुळे पिना काढून इकडच्या तिकडे लावल्या की झालं, असंही नव्हतं.

दोन्ही दिशांनी धोका होता. डेलच्या बोर्डाला बाहेरचा एसएमपीएस लावला तरी नुकसान, आणि डेलचा एसएमपीएस बाहेरच्या बोर्डाला लावला तरी नुकसान. म्हणजे डेलचा बोर्ड उचलून एसएमपीएससकट मिळणाऱ्या बाहेरच्या कॅबिनेटमध्ये बसवायला जा, आणि तिथला प्लग लावा: तीच गत. स्कॉट म्युलर हे कॉम्प्युटर दुरुस्तीवरच्या जाडजूड पुस्तकाचे लेखक. अपग्रेडिंग अँड रिपेअरिंग पीसीज हे ते पुस्तक, १९८८ पासून नव्या नव्या आवृत्त्यांत येत राहिलेलं. त्यात त्यांनी डेलच्या मशीनबद्दल वाचकांना स्पष्ट सावध केलं होतं: प्लग सारखा दिसतो म्हणून लावू नका. नंतर तारांचा क्रम बदलून देणारे अ‍ॅडॉप्टरही बाजारात आले.

थोडा विचार करा. आयबीएमने मायक्रो चॅनेलची खाच वेगळी केली होती, हे तुम्हाला डोळ्यांनी दिसत होतं. जुनं कार्ड आत जातच नव्हतं. चिडाल, पैसे जातील, पण मशीन जळणार नाही. इथे मात्र प्लग 'हो' म्हणत होता आणि तारा 'नाही' म्हणत होत्या. आणि बोर्ड जळल्यावर घरातला माणूस स्वतःलाच दोष देणार: आपणच काहीतरी चुकीचं केलं, उगाच हात घातला. सुट्या भागांच्या जोरावर मोठी झालेली कंपनी, आणि तिच्याच मशीनमध्ये सुटा भाग लावणाऱ्याची ही अवस्था.

पुढच्या काळात डेल पुन्हा प्रमाण तारांकडे वळली. म्हणून आज डेलचं मशीन हातात आलं तर 'डेल म्हणजे धोका' असं सरसकट म्हणू नका. कोणत्या काळातलं आणि कोणतं मॉडेल, ते बघावं लागतं.

आरशातला बोर्ड

मधे एक छोटं प्रकरण झालं. पेंटियम फोर फार तापायचा. म्हणून इंटेलनेच बीटीएक्स नावाचा नवा आराखडा आणला. हवा पुढून सरळ प्रोसेसरवर यावी, म्हणून बोर्डावरची मांडणीच फिरवली. एटीएक्स बोर्ड आरशात बघावा तशी. २००४ च्या सुमारास तो बाजारात आला. डेलने आपल्या काही डायमेन्शन आणि ऑप्टिप्लेक्स मशीनमध्ये तो वापरला. पुढे कमी तापणारे प्रोसेसर आले, गरज संपली, आणि २००६ मध्ये इंटेलने बीटीएक्सचा नाद सोडला.

पण त्या मशीनचे बोर्ड उरले ना! ते एटीएक्स कॅबिनेटमध्ये बसत नाहीत. भोकं जुळत नाहीत, पोर्टची खिडकी उलट्या बाजूला. यात कुणाची लबाडी नव्हती. हे जाहीर प्रमाणच होतं, फक्त ते टिकलं नाही.

आठ पिना, सहा पिना, चौदा पिना

आता आपल्या लॅमिंग्टन रोडच्या मशीनकडे येऊ.

२००३ मध्ये मुख्य प्लग वीसचा चोवीस पिनांचा झाला. पुढची कितीतरी वर्षं ऑफिसच्या मशीनमध्येही तोच दिसतो. उदाहरणार्थ, डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० मध्ये चोवीस पिनांचा प्लग आहे. पण २०१३ चं ऑप्टिप्लेक्स ९०२० उघडा, तिथे बोर्डावर आठच पिना. एचपी एलिटडेस्क ८०० जी१ मध्ये सहा. लेनोव्होच्या अनेक थिंकसेंटरमध्ये चौदा. प्रत्येकाची चूल वेगळी.

हे का झालं? यामागे एक खरं कारण आहे, आणि ते ऐकून घेतलं पाहिजे. जुना एसएमपीएस ३.३, ५ आणि १२ असे तिन्ही व्होल्ट स्वतः तयार करतो. मशीन नुसतं चालू आहे, काम काहीच नाही, अशा वेळी त्या पद्धतीत वीज वाया जाते. आणि ऑफिसचं मशीन दिवसाचा बराच वेळ असंच बसून असतं. त्यापेक्षा एसएमपीएसने फक्त १२ व्होल्ट द्यावेत, आणि ५ व ३.३ बोर्डाने स्वतः बनवून घ्यावेत, हे जास्त काटकसरीचं. हजार मशीन लावणाऱ्या कंपनीच्या वीजबिलात त्याने फरक पडतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी रिकाम्या बसलेल्या कॉम्प्युटरच्या विजेवर मर्यादाही घातल्या.

म्हणजे कल्पना चांगली होती. फक्त ती प्रत्येकाने आपापल्या घरात राबवली. इंटेलने हीच कल्पना २०१९ मध्ये एटीएक्स१२व्हीओ या नावाने, दहा पिनांच्या प्लगसह, सगळ्यांसाठी लिहून काढली. तोवर वेगवेगळ्या पिनांची लाखो मशीन ऑफिसांत पोचली होती. तीच आता भंगाराच्या वाटेवर किंवा आपल्या टेबलावर आहेत.

तरी एक फरक मी डेलच्या बाजूने नोंदवीन. आठ पिनांच्या खाचेत चोवीस पिनांचा प्लग जातच नाही. अडवणूक आहे, पण फसवणूक नाही.

मग तुमच्या बोर्डाचं काय?

आता कामाचं बोलू. समजा, असं मशीन तुमच्याकडे आहे आणि बोर्ड बाहेरच्या कॅबिनेटमध्ये न्यायचाय. नवा बोर्डच का घेऊ नये? एक म्हणजे पैसे. दुसरं, मशीनसोबत आलेलं विंडोजचं ओईएम लायसन्स मदरबोर्डाला बांधलेलं असतं. विंडोज ८ पासून तर त्याची चावी बोर्डावरच्या चिपमध्येच ठेवलेली असते. बोर्ड नेलात तर लायसन्स सोबत येतं.

आधी मोजमाप. बोर्ड मायक्रो एटीएक्सच्या भोकांचा आहे का, ते बघा. टॉवर मशीनमधले बोर्ड बऱ्याचदा जुळतात. चपट्या मशीनमधले अनेक बोर्ड स्वतःच्याच आकाराचे असतात, तिथे दोन-तीन भोकं जुळतात आणि बाकीची हवेत. ब्रँडेड कॅबिनेटमध्ये पत्र्यालाच उंचवटे दाबून काढलेले असतात. बाहेरच्या कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ तुम्हाला बसवावे लागतात. जिथे बोर्डाला भोक नाही तिथे स्टँडऑफ ठेवू नका. तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकला तर शॉर्ट.

दुसरं, प्रोसेसरवरचा हीटसिंक. डेल आणि एचपीच्या अनेक मशीनमध्ये त्याचे स्क्रू बोर्डातून आरपार जाऊन थेट कॅबिनेटच्या पत्र्यात आवळलेले असतात. बोर्ड बाहेर काढला की हीटसिंकला धरायला काहीच उरत नाही. मागून बॅकप्लेट असलेला दुसरा कूलर लागेल, आणि त्याची भोकं त्या सॉकेटला जुळतात का, हेही बघावं लागेल.

तिसरं, पुढचं बटण. बाहेरच्या कॅबिनेटची पॉवर स्विचची वायर दोन पिनांची असते. ब्रँडेड बोर्डावर मात्र सगळ्यांची मिळून एकच रुंद खाच, आणि पिनांना नावं नाहीत. इथे मल्टीमीटर कामाला येतो. जुन्या कॅबिनेटचं बटण वायरसकट काढा, मीटर बीप मोडवर ठेवा, बटण दाबा. दाबल्यावर ज्या दोन पिनांमध्ये बीप येतो, त्या पॉवरच्या. त्या जागी नवी वायर लावायची. जुनं कॅबिनेट भंगारात देण्याची घाई करू नका म्हणतो, ते यासाठीच. तुमच्या बोर्डाचा खरा नकाशा तेच आहे.

चौथं, कुरकुर. ब्रँडेड बोर्डाला आपलं घर ओळखायची सवय असते. पुढची वायर दिसली नाही, पंखा दिसला नाही, झाकण उघडलं गेलं, की सुरू होतानाच तक्रार. एचपीमध्ये ५११ म्हणजे प्रोसेसरचा पंखा सापडत नाही, ५१२ म्हणजे कॅबिनेटचा. डेलमध्ये एफ१ दाबून पुढे जायला सांगणारे संदेश येतात. कधी ते बायोसमधून बंद होतात. कधी जुना पंखाच जोडून ठेवावा लागतो, कारण डेलच्या काही पंख्यांना बाजारातल्या चारऐवजी पाच पिना असतात.

पाचवं आणि सगळ्यात नाजूक, वीज. चोवीसचे आठ, चोवीसचे सहा, चोवीसचे चौदा करणारे अ‍ॅडॉप्टर मिळतात. पण पिनांची संख्या जुळली म्हणून अ‍ॅडॉप्टर जुळला असं नाही. काही बोर्डांना स्टँडबाय ५ व्होल्टऐवजी १२ च्या आसपास लागतो, तिथे व्होल्टेज वाढवणारी छोटी सर्किट असलेलाच अ‍ॅडॉप्टर हवा. म्हणून तुमच्या नेमक्या मॉडेलचा घ्या, आणि लावण्याआधी एकेक पिन मीटरने तपासा. १९९८ चा धडा इथेच उपयोगी पडतो: प्लग बसतो ही खात्री नव्हे. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, बंद असतानाही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहू शकतो.

आणि शेवटचं. स्क्रू आवळण्याआधी बोर्ड खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून एकदा चालू करून बघा. पुठ्ठ्यावर चालला तर कॅबिनेटमध्ये न चालण्याची कारणं मोजकीच उरतात.

हे सगळं करून फायदा किती? हिशोब प्रामाणिकपणे करा. ९०२० च्या टॉवरमधला मूळ एसएमपीएस २९० वॉटचा, चपट्या मशीनमधला २५५ वॉटचा. ग्राफिक्स कार्डाला बोर्डावरच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. तेवढ्यावर चालणारं, कमी उंचीचं कार्ड तुम्हाला पुरणार असेल तर कॅबिनेट बदलायचीच गरज नाही. मोठं कार्ड हवं असेल, तर कॅबिनेट, एसएमपीएस, अ‍ॅडॉप्टर आणि कूलर यांची बेरीज करा, आणि त्या पैशात सेकंडहँड प्रमाण बोर्ड येतोय का तेही बघा.

दोष कुणाचा?

आपण स्मार्टफोनवाली पिढी. चार्जरच्या पिना आपल्या डोळ्यांसमोर एक झाल्या. प्रत्येक घरात एकेकाळी चार तऱ्हांच्या चार्जरचा गुंता असायचा. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं झालं. त्यामुळे 'सगळ्यांची पिन एकच हवी' हे आपल्याला सहज पटतं.

पण पीसीची गोष्ट थोडी पुढचं शिकवते. डेलच्या त्या जुन्या मशीनची पिनही 'एकच' होती, आणि नुकसान नेमकं त्यामुळे झालं. पिनेचा आकार हा वरचा भाग. आत कुठली तार कुठे जाते, हे जाहीर असणं हा खरा भाग. १९८१ मध्ये आयबीएमने नकाशे छापून विकले, १९९५ मध्ये इंटेलने मापं जाहीर केली, म्हणून एवढा मोठा बाजार उभा राहिला. कंपन्यांनी काही नवं करूच नये, असं मी म्हणणार नाही. १२ व्होल्टची कल्पना वीज वाचवते, ती यायलाच हवी होती. पण वेगळी खाच बनवलीत तर तिचा नकाशा मॅन्युअलमध्ये एक पान देऊन छापा, एवढं मागायला काय हरकत आहे?

कारण विजेचा हिशोब त्या एका पानाशिवाय पुरा होत नाही. मशीन चालताना काही युनिट वाचवली आणि एसएमपीएस गेला म्हणून चांगला बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळं भंगारात टाकलं, तर वाचलं काय? आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या शेवटी त्याचं पोर्टल सुरू झालं. नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. चर्चा बहुतेक फोन, गाड्या आणि घरगुती उपकरणांची होते. ऑफिसांमधून निघणारे हे काळे डबे त्या चर्चेत फारसे दिसत नाहीत. दिसायला हवेत.

तोवर ते काम आपल्या गल्लीतले लोकच करतायत. कुणीतरी मीटर घेऊन बसतो, एकेक पिन तपासतो, कागदावर लिहून ठेवतो आणि पुढच्याला देतो. कंपनीने न छापलेलं पान ही माणसं हाताने लिहितायत. तुम्ही कधी असा बोर्ड बसवलात, तर तुमचा कागदही फाडून टाकू नका. मॉडेल नंबर, पिनांचा क्रम, कुठल्या पंख्याने कुरकुर थांबली, सगळं लिहा आणि पुढे पाठवा.

आजच्यापुरतं एवढंच. मीटर जवळ ठेवा, घाई करू नका. भेटू पुढच्या भागात!